कृत्रिम पेशी: जिवंत नसण्याचा फायदा

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते. डीएनएही नसतो. त्यामुळे तिला स्वतःसारखी दुसरी पेशी घडवता येत नाही, की नवे प्रथिन तयार करता येत नाही. तरीही सुमारे 120 दिवस ती शरीरभर प्राणवायू पोचवत फिरते. पेशीचे एखादे काम हवे असेल तर अख्खी पेशी लागतेच असे नाही, हे निसर्गानेच दाखवून ठेवले आहे. कृत्रिम पेशींवरचे संशोधनही या तांबड्या पेशीची नक्कल करण्यापासूनच सुरू झाले.

1957 साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शिकत असताना थॉमस चांग यांनी हिमोग्लोबिन एका अतिपातळ कृत्रिम पटलात बंद केले. हिमोग्लोबिन रक्तात मोकळे सोडले तर त्याचे रेणू दुभंगतात आणि मूत्रपिंडांना इजा करतात, म्हणून आवरण हवे होते. पण या पेशी रक्तात टिकेनात. शरीर त्यांना परके समजून झटपट बाहेर काढू लागले. रक्ताची जागा सर्रास घेऊ शकेल अशी कृत्रिम तांबडी पेशी आजही रुग्णालयांत आलेली नाही.

त्या प्रयत्नातून खरी मोलाची गोष्ट हाती लागली ती म्हणजे ते आवरण. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून लहान रेणू आरपार जातात, मोठे अडतात. मग आत एखादे विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) कोंडून ठेवावे, रक्तातला नको असलेला पदार्थ आत येऊ द्यावा आणि तिथेच त्याचे विघटन होऊ द्यावे. कॅटालेज या विकराची जन्मजात उणीव असलेल्या उंदरांवर 1968 साली चांग आणि त्यांच्या सहकाऱ्याने हेच करून दाखवले. पुढे त्यांनी कोळशालाही असेच पांघरूण घातले. सक्रिय कोळसा विष शोषून घेतो, पण रक्तात त्याचे बारीक कण सुटतात आणि रक्तातल्या पेशींना इजा होते. आवरणामुळे ही अडचण दूर झाली आणि औषधांचा अतिरेक झालेल्या रुग्णांचे रक्त अशा कोळशातून फिरवून शुद्ध करता येऊ लागले. इथे पेशीचे म्हणून फक्त आवरणच उरले आहे, आणि तेवढ्याने काम भागते.

मला सर्वांत आशादायक वाटतो तो मधुमेहाचा धागा. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. दुसऱ्याच्या पेशी बसवल्या तर त्यांच्यावरही हल्ला होतो. तो रोखायला रुग्णाने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत राहायचे. 1980 साली लिम आणि सन यांनी या पेशींचे पुंजके अल्जिनेटच्या, म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलच्या, सूक्ष्म गोळ्यांत बंद करून मधुमेही उंदरांच्या पोटात सोडले. ग्लुकोज आणि प्राणवायू आत, इन्शुलिन बाहेर, हल्लेखोर पेशी मात्र कुंपणापलीकडे! दोन-तीन आठवडे रक्तातली साखर आटोक्यात राहिली.

मग शरीराने दुसरी वाट धरली. आत शिरता येत नसेल तर बाहेरून गुंडाळायचे: गोळ्यांभोवती तंतुमय ऊतींचा थर साचतो आणि आतल्या पेशी प्राणवायूवाचून गुदमरतात. म्हणजे आवरणाचे रसायनच बदलायला हवे. सुधारित अल्जिनेटमध्ये मूलपेशींपासून घडवलेल्या मानवी इन्शुलिन-पेशी ठेवून केलेल्या प्रयोगात उंदरांची साखर 174 दिवस काबूत राहिल्याचे 2016 साली प्रसिद्ध झाले. दोन-तीन आठवड्यांपासून इथवर यायला 36 वर्षे लागली. एवढा मोठा प्रश्न आहे तो.

लिपोसोमची कथा थोडक्यात सांगता येते, कारण ती यशस्वी झाली आहे. मेदरेणूंचे दुपदरी आवरण असलेले हे बुडबुडे ॲलेक बँगहॅम यांनी 1960च्या दशकात ओळखले. 1995 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘डॉक्सिल’मध्ये डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध अशाच बुडबुड्यांत भरलेले असते. त्यामुळे हृदयाला होणारा अपाय कमी होतो.

आता संशोधक या बुडबुड्यांत औषधाऐवजी औषध बनवणारी यंत्रणाच भरू लागले आहेत: डीएनए, प्रथिने घडवणारे रायबोसोम, लागणारी विकरे आणि ऊर्जेसाठी कच्चा माल. 2004 साली नोआरो आणि लिबशाबेर यांनी अशा बुडबुड्यात प्रथिननिर्मिती घडवली. आवरणात छिद्रे पाडणारे प्रथिन आतच तयार झाले, त्यातून बाहेरचे पोषण आत येऊ लागले आणि काम चार दिवसांपर्यंत चालले. 2018 साली इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेतल्या गटाने उंदरांच्या कर्करोगाच्या गाठीत अशा कृत्रिम पेशी सोडल्या. त्या पेशींनी तिथल्या तिथे कर्कपेशींना मारणारे प्रथिन बनवले.

उलट दिशेनेही प्रयत्न झाले. जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने 2016 साली एका जीवाणूची जनुके कमी करत फक्त 473 जनुकांवर जगणारी पेशी तयार केली. त्यांतल्या 149 जनुकांचे नेमके काम तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. जीवन समजून घ्यायला हा प्रयोग अमूल्य आहे. पण उपचारासाठी मला बुडबुड्यांचीच वाट जवळची वाटते. त्यांचे विभाजन होत नाही, म्हणून ते शरीरात पसरत नाहीत. त्यांच्यात उत्परिवर्तने साचत नाहीत आणि आतली शिदोरी संपली की काम थांबते. औषध म्हणून द्यायच्या गोष्टीत हे गुण फार मोलाचे आहेत.

अडचण आहे ती त्या शिदोरीची. रायबोसोम आणि बाकीची यंत्रणा सहसा ई. कोलाय जीवाणूंमधूनच काढावी लागते. त्यांच्या आवरणाचे अंश सोबत राहिले तर रुग्णाला ताप येण्यापासून जीवघेण्या प्रतिक्रियेपर्यंत काहीही होऊ शकते. म्हणून ही यंत्रणा अगदी शुद्ध आणि तरीही परवडेल अशा खर्चात तयार करण्यावर आता प्रयोगशाळांत काम चालू आहे.