शाकाहारी आणि व्हीगन: वरणावरच्या एका चमच्याचा फरक

सोलापूर रस्त्यावरच्या एका हॉटेलात जेवायला थांबलो होतो. बाहेर मोठ्या अक्षरांत ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी. मी व्हीगन आहे, दुधाचं काही चालत नाही, हे बसल्याबसल्या सांगून टाकलं. वाढणाऱ्या मुलाने मान डोलावली. पनीरची भाजी वगळली, ताकाचा ग्लासही ठेवला नाही. आणि मग वरणभात वाढून त्यावर आपुलकीने चमचाभर साजूक तूप सोडलं. मी हात आडवा करेपर्यंत उशीर झाला होता. तो गोंधळून म्हणाला, “ताई, तूप तर शाकाहारीच असतं की.”

त्याचं काही चुकलं नव्हतं. तूप शाकाहारीच आहे, फक्त ते व्हीगन नाही. हा घोळ मी घरी, लग्नात, गाडीत इतक्या वेळा पाहिलाय, की एकदा नीट मांडावा असं वाटलं.

शाकाहारी माणूस ताटाकडे बघून विचारतो, यासाठी कुणाचा जीव गेला का? व्हीगन माणूस विचारतो, हे कुठल्या जनावराकडून घेतलंय का? पहिल्या प्रश्नात मांस, मासे आणि आपल्याकडे अंडीही बाद होतात, दूधदुभतं राहतं. दुसऱ्या प्रश्नात दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा आणि मधसुद्धा बाद होतो. गाय-म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही, म्हणजे दूध हवं तर वासरू जन्माला यायलाच हवं, आणि त्यातला गोऱ्हा किंवा रेडा पुढे कुणालाच नको असतो. मी दूध सोडलं ते या एका गोष्टीमुळे. इंग्लंडमध्ये दूधही न घेणाऱ्या काही शाकाहारी मंडळींनी 1944 साली स्वतःची वेगळी संस्था काढली. डोनाल्ड वॉटसन हे त्यांतलं प्रमुख नाव. ‘व्हीगन’ हा शब्द तेव्हाचाच. आपल्याकडे दूध नैवेद्याचं, सात्त्विक, लेकराला पहिलं पाजायचं. ते नाकारणाऱ्या माणसासाठी बोलीभाषेत शब्दच नव्हता.

पण प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असं आपल्या आज्या सांगत आल्या. परसातला अळू, माठ, भेंडी, पडवळ, सुरण, मक्याचं कणीस घालून ऋषीची भाजी करायची, नांगरटीचं धान्य त्या दिवशी वर्ज्य. पुष्कळ घरांत त्या भाजीत लोण्याचा गोळा पडतो, त्यामुळे ती काही सरसकट व्हीगन नव्हे. पण जनावराने माझ्यासाठी काय सोसलं, हा विचार जेवणाआधी करायची रीत त्यात आहे. आईला मी माझं म्हणणं समजावलं ते याच भाजीच्या आधाराने.

आता स्वयंपाकघर. व्हीगन म्हटलं की लोकांना महागडे टोफू, डबाबंद बदाम-दूध आणि परदेशी नावांचे पदार्थ आठवतात. मला वाटतं, मराठी स्वयंपाकाला यातलं काही लागत नाही. पिठलं, झुणका, मटकीची उसळ, भरली वांगी, मसालेभात, कांदेपोहे, थालीपीठ, अळूचं फदफदं, गोव्याचं खतखतं हे सगळं तेलाच्या फोडणीवर, दाण्याच्या कुटावर आणि ओल्या नारळावर उभं आहे. आपल्याकडे दूध येतं ते बहुतेक वेळा सगळं शिजून झाल्यावर: वरणावर तूप, थालिपिठावर लोणी, कोशिंबिरीत दही, मिसळीशेजारी दह्याची वाटी. म्हणजे पदार्थ तोच ठेवायचा, शेवटचा चमचा बदलायचा. वरणावर मी जिरं-हिंगाची गरम फोडणी आणि लिंबू घेते. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीवर करडईचं कच्चं तेल घ्यायची चाल तर सोलापूरकडे आणि मराठवाड्यात आधीपासूनच आहे. पुरण म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि गूळ. पोळी तेलावर लाटून तेलाचं बोट फिरवून भाजली आणि सोबत कटाची आमटी घेतली, की सणही साजरा होतो. मठ्ठ्याच्या जागी सोलकढी. कोकणातले घावन आणि शिरवाळे तर नारळाच्या गोड रसातच खायचे.

फसगत होते ती दूध आत लपलेलं असतं तिथे. धपाट्यांचं पीठ कित्येक घरांत दह्यात भिजवतात. उपम्याचा रवा तुपावर भाजलेला असतो. साबुदाण्याची खिचडी उपवासाची, म्हणून फोडणी तुपाची. ‘उपवासाचं चालेल ना?’ असं मला हमखास विचारतात. उपवासात धान्य वर्ज्य आणि दूध चालतं, माझं नेमकं उलटं. एगलेस केकचंही तसंच: त्यात अंडं नसतं, पण त्याच्या जागी बहुधा कंडेन्स्ड मिल्क नाहीतर दही असतं.

आणि दशमी. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातात दशम्या आणि दाण्याची चटणी द्यायची, ही आपली जुनी माया. दशमी आणि भाकरी फडक्यात गुंडाळल्या की वरून एकसारख्या वाटतात, पण भाकरी पाण्यातली आणि दशमी दुधातली. दुधात पीठ भिजवलं की पोळी मऊ राहते, दोन दिवस टिकते, आणि जुन्या सोवळ्याच्या हिशेबात दुधात भिजवलेलं खरकटंही मानत नसत. म्हणून ती शिदोरीची. पहिल्या वर्षी मावशीने गाडीवर आणून दिलेल्या दशम्या मी भाकरी समजून अर्ध्या संपवल्या होत्या. तिला वाईट वाटू नये म्हणून तेव्हा गप्प बसले. पुढच्या खेपेला तिच्याच ओट्याशी उभं राहून दोघींनी गुळाच्या पाण्यातल्या केल्या. दोन वाट्या कणकेला अर्धी वाटी चिरलेला गूळ, तो विरघळेल इतकं अर्धी वाटी कोमट पाणी, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, चमचाभर तीळ, चिमूटभर मीठ. पीठ घट्टच भिजवायचं, लागलं तरच पाण्याचा हबका द्यायचा. वीस मिनिटं झाकून ठेवलं की गूळ सुटतो आणि गोळा आपोआप सैल होतो, म्हणून आधी घाई करून पाणी ओतू नये. पोळीपेक्षा जाड लाटायची आणि मंद आचेवर भाजायची, कारण गूळ लगेच करपतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये, नाहीतर वाफेने ओलसर होऊन बुरशी धरते. नारळाच्या दुधात भिजवायचा मोह होतो, चवही सुरेख लागते, पण मे महिन्याच्या गाडीत ते आंबतं. घरी लगेच खायचं असेल तरच ते करा.

दह्याची आठवण मात्र येते, ते मी नाकारत नाही. त्याला घरचा उपाय म्हणजे शेंगदाण्याचं दही. वाटीभर कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजवायचे, सकाळी चोळून सालं काढायची, तीन वाट्या पाणी घालत बारीक वाटून फडक्यातून पिळून घ्यायचं. हे दूध मंद आचेवर सतत ढवळत उकळी आणायची. ढवळणं थांबवलं की तळाला लागतं आणि मग सगळ्याला जळका वास येतो. बोट बुडवलं तर सोसेल इतकं कोमट झालं की धुतलेल्या सात-आठ हिरव्या मिरच्यांचे देठ त्यात टाकून झाकून ठेवायचं. देठांवरच्या जिवाणूंनीच विरजण लागतं. उन्हाळ्यात सात-आठ तासांत, थंडीत जास्त वेळाने लागतं. पहिलं दही जरा सैल आणि दाण्याच्या वासाचं होतं. त्यातला चमचा पुढच्या विरजणाला वापरला की दुसरं-तिसरं छान दाट लागतं. काकडीच्या कोशिंबिरीत, वरून हिंग-मोहरीची फोडणी घातली की वास जाणवतच नाही. चोथा टाकू नका, थालिपिठात घाला.

चहाचं म्हणाल तर मी गवती चहा, आलं आणि गूळ घालून कोरा पिते. ज्यांना दुधाळ हवाच त्यांनी सोयाचं दूध वेगळं गरम करून गाळलेल्या चहात घालावं. एकत्र उकळलं तर ते फाटतं.

शाकाहारातून व्हीगन होताना तब्येतीचा एक हिशेब चुकवून चालत नाही, तो बी-12 चा. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि भाज्या, डाळी, धान्यांतून ते भरवशाने मिळत नाही. शाकाहारी माणसाला निदान दूध-दह्यातून थोडं मिळतं, तरी आपल्याकडे त्यांच्यातही कमतरता सर्रास आढळते. व्हीगन माणसाचा तो धागाही तुटतो. गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणजे कणभर, पण ती गोळीतून किंवा बी-12 मुद्दाम घातलेल्या पदार्थांतूनच भागवावी लागते. डॉक्टरांना विचारून गोळी ठरवा आणि वर्षातून एकदा रक्त तपासा. हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबू नका. कॅल्शियमची काळजी मात्र लोक जरा जास्तच करतात. दुधात 100 मिलिलिटरला 120 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात 340 च्या वर. नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही हे खरं, पण मोड आणून दळली तर ते वाढतं. शिवाय तीळ आहेत, राजगिऱ्याची भाजी आहे. प्रथिनांसाठी रोजची उसळ, डाळ आणि दाणे पुरे. दुधाऐवजी काही विकतच घ्यायचं झालं तर सोयाचं घ्या, प्रथिनांत तेच गाईच्या दुधाच्या जवळ जातं. बदामाच्या दुधात बहुतेक पाणीच असतं. आणि व्हीगन म्हणजे पौष्टिक असंही नाही: तळलेलं फरसाण आणि बाटलीतलं गोड पेय दोन्ही व्हीगन असू शकतात.

दुकानात फरक ओळखायचा तो पाकिटावर. चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध असू शकतं. व्हीगनसाठी वेगळं चिन्ह आहे, हिरवा इंग्रजी ‘व्ही’ आणि त्यावर रोपटं. व्हीगन पदार्थांसाठीचे सरकारी नियम 2022 साली आले. प्रत्येक व्हीगन वस्तूवर ते चिन्ह असेलच असं नाही, साध्या पोह्याच्या पिशवीवर कशाला असेल? म्हणून घटकांची यादी वाचायची: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट दिसलं की बाजूला ठेवायचं. यादीखाली ‘कंटेन्स मिल्क’ असेल तर दूध आहेच. ‘मे कंटेन’ म्हणजे त्याच कारखान्यात दुधाचंही काही बनतं, एवढाच इशारा. ‘लॅक्टोज-फ्री’ हे दूधच असतं, फक्त त्यातली साखर मोडलेली. ‘नॉन-डेअरी’ क्रीमरमध्येही पुष्कळदा केसिनेट म्हणजे दुधातलंच प्रथिन असतं.

प्रवासात मी ‘व्हीगन’ हा शब्दच वापरणं सोडलंय. हॉटेलात विचारते, “दादा, फोडणी तेलाची का तुपाची? वरून लोणी-तूप सोडता का? पिठात दही आहे का?” दूध चालत नाही एवढंच म्हटलं तर तूप कुणाला दूध वाटत नाही, हे त्या हॉटेलात कळलं. मिसळ दह्याविना, वडापाव लोणी न लावलेल्या पावाचा, पोहे, इडली, पिठलं-भाकरी यांवर महाराष्ट्रभर निभावतं. विमानात शाकाहारी जेवणाचेही प्रकार असतात. ‘एव्हीएमएल’ म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी, त्यात पनीर-दही येऊ शकतं. जैन जेवणात कंदमुळं नसतात, दूध असू शकतं. दुधाविना हवं तर ‘व्हीजीएमएल’ निवडायचं, तेही निघायच्या एक-दोन दिवस आधी. युरोप-अमेरिकेत ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की त्यात अंडं धरलेलं असतं, म्हणून माझे तिथले शाकाहारी नातेवाईकसुद्धा केक घेताना ‘व्हीगन’ लिहिलेलाच उचलतात.

पिशवीत काय असतं ते सांगते. सोलापूरची कडक भाकरी, जी पाण्यातली असते आणि कितीतरी दिवस टिकते. शेंगदाण्याची चटणी, गुळपापडी तेलातली, भाजलेले फुटाणे, दोन लिंबं. आणि घरी केलेले कोरडे पोहे: जाड पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजायचे, तेलात मोहरी, हिंग, दाणे, कढीपत्ता आणि मिरची पार कडक होईपर्यंत परतायची, हळद, मीठ, साखर घालून पोह्यांत मिसळायची आणि गार करून पिशवीत भरायचं. ओलावा राहिला तर टिकत नाही, म्हणून कढीपत्ता बोटाने चुरला जाईपर्यंत परता. रेल्वेच्या डब्यात विजेची किटली लावायला मनाई आहे, तेव्हा हे लॉजवर पोचल्यावर करायचं. वाटीभर पोह्यांवर वाटीभर उकळतं पाणी, वर ताटली, सात-आठ मिनिटं. ताटली उचलली की हिंगाचा वास खोलीभर पसरतो. वरून लिंबू पिळायचं आणि कडक भाकरीचा तुकडा चुरून घालायचा, तो शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहतो.