पेट्रोल होतं, पण दुसऱ्या टाकीत

पेट्रोल संपलं की विमान दगडासारखं खाली येतं, हा समज काही केल्या जात नाही. इंजिन बंद पडलेलं चार आसनी सेसना 172 हजार फुटांवरून अडीच किलोमीटरच्याही पुढे तरंगत जातं. मग पेट्रोलच्या ढिसाळ हिशेबापायी माणसं मरतात कशी?

12 ऑक्टोबर 1997. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर नुकतंच घेतलेलं दोन आसनी 'लाँग-ईझी' विमान घेऊन कॅलिफोर्नियात मॉन्टेरेहून उडाले. विमानात दोन टाक्या, आणि एका वेळी एकाच टाकीतून पेट्रोल येणार. टाकी बदलायची मूठ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे. मूळ आराखड्यात ती पुढे होती. आराखड्यावरून हे विमान स्वतः बांधणाऱ्या माणसाने ती मागे नेली. पेट्रोल दाखवणाऱ्या काचाही मागेच, त्यांवर खुणा नाहीत. त्या दिसाव्यात म्हणून तंत्रज्ञाने डेन्व्हरना आरसा दिला. मुठीपर्यंत हात पोचावा म्हणून तिला पकड लावून पाहिली, ती काही जमली नाही. पेट्रोल भरायचं का, या प्रश्नाला उत्तर मिळालं : नको, तासाभराचंच उड्डाण आहे.

थोड्याच वेळात विमान समुद्रात कोसळलं. 'काळ आला होता' म्हणून विषय मिटवणाऱ्यांनी त्या मुठीची जागा एकदा बघावी.

चालू टाकीतलं पेट्रोल संपत आलं म्हणून मूठ फिरवायची तर पट्टा सैल करून डावीकडे मागे वळायचं. असं वळताना आधारासाठी उजवा पाय आपोआप ताणला जातो आणि उजवं पेडल दाबलं जातं. तपासणीतल्या चाचण्यांतही हेच दिसलं.

पुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. या विमानाला नेहमीची शेपूट नाही. सुकाणू पंखांच्या टोकांवरच्या उभ्या पात्यांत असतात. उजवं पेडल दाबलं की फक्त उजवं सुकाणू बाहेर उघडतं, तिथे हवेचा अवरोध वाढतो आणि नाक उजवीकडे वळतं. पंख मागे झुकलेले असल्याने आता डावा पंख हवेला जास्त सरळ भिडतो, उजवा आणखी तिरका होतो. पंखाची उचल, म्हणजे विमानाला वर धरणारं बल, ठरते ती हवेच्या वेगाचा जो घटक पंखाच्या धारेला लंब असतो त्यावर, आणि तीही त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा पंख 25 अंश झुकलेले आहेत आणि नाक 10 अंश वळलं. डाव्या पंखासाठी कोन उरतो 15 अंश, उजव्यासाठी होतो 35. दोन्हींच्या कोसाइनचे वर्ग 0.93 आणि 0.67. म्हणजे ढोबळ हिशेबाने डाव्या पंखाची उचल उजव्यापेक्षा जवळपास 40 टक्क्यांनी जास्त! विमान उजवीकडे कलंडणारच. पाच हजार फुटांवर हे सावरता येतं. डेन्व्हर जेमतेम काहीशे फुटांवर होते.

उड्डाणापूर्वी तंत्रज्ञाच्या अंदाजाने डाव्या टाकीत पावभागाहून कमी पेट्रोल होतं, उजवीत अर्ध्याहून कमी. एकूण आकडा पाहिला तर तासाभराला पुरेल असं वाटू शकतं. पण अमेरिकेत दिवसाच्या अशा उड्डाणासाठी मुक्कामाला पोचून वर 30 मिनिटांचं पेट्रोल शिल्लक राहावं असा नियम आहे, आणि ते कोणत्या टाकीत राहील हे एकूण आकडा सांगत नाही. डावी टाकी भरून घेतली असती, तर त्या उड्डाणात मुठीला हात लावायची वेळच आली नसती. तपास मंडळाने मुठीच्या जागेला आणि खुणा नसलेल्या काचांना दोष दिलाच. पण पेट्रोल न भरणं हे अपघाताचं एक थेट कारण म्हणून वेगळं नोंदवलं.