ॲमेझॉन आणि २० टक्के प्राणवायूचा समज

‘पृथ्वीवरचा २० टक्के प्राणवायू ॲमेझॉनचे जंगल देते’ हे विधान २०१९ च्या वणव्यांच्या वेळी जगभर फिरले आणि आजही फिरते; परंतु ते खरे नाही. हे जंगल जेवढा प्राणवायू सोडते, जवळजवळ तेवढाच झाडांच्या स्वतःच्या श्वसनात आणि पालापाचोळा कुजवणाऱ्या बुरशी व जिवाणूंकडून वापरला जातो, त्यामुळे शिल्लक शून्याजवळ राहते. जंगल राखायचे ते खोडांत व मातीत साठलेल्या अब्जावधी टन कार्बनसाठी, आणि दक्षिण ब्राझीलपर्यंत पाऊस नेणाऱ्या बाष्पासाठी. म्हणूनच तोडलेल्या जागी केवळ निलगिरी लावणे म्हणजे जंगल परत आणणे नव्हे. शेजारी जुने जंगल शाबूत असेल, तर पक्षी-वटवाघळांनी आणलेल्या बियांतून ते पुष्कळदा आपणहून उगवते.