सुरू आणि चीड

सुरू आणि चीड ही दोन झाडं लांबून इतकी सारखी दिसतात की नाशिकची मंडळी हिमाचलातल्या कसौलीला फिरायला गेली की चीड बघून 'अरे हा तर आपला सुरू' म्हणतात, आणि इकडे सुरूला बिनधास्त पाइन म्हणतात. पण सुरू हे फुलझाड आहे, शास्त्रीय नाव कॅज्युअरिना इक्विसेटिफोलिया, आणि चीड म्हणजे पायनस रॉक्सबर्घाय हा खराखुरा शंकुधारी, म्हणजे फुलांऐवजी कोन (शंकू) धरणारा. गोंधळ नावापासूनच आहे म्हणा, सुरू हा शब्द फारसीतल्या 'सर्व'वरून आलाय आणि तिकडे सर्व म्हणजे सायप्रस, तोही शंकुधारीच.

सुरू मूळचा ऑस्ट्रेलिया, आग्नेय आशियाकडचा. कोकणात किनाऱ्याने त्याची बनं आहेत, घाटावर बागेच्या बांधाला वारा अडवायला रांगेत लावतात.

ओळखायचं कसं, तर एक हिरवी काडी तोडून हातात घ्या. ती सुई वाटते पण ती बारीक फांदी आहे, ओढली की पेरावर सुटते, लहानपणी आम्ही सुटलेलं पेर परत खोचून 'सांग कुठे तोडलंय' खेळायचो. खरी पानं म्हणजे प्रत्येक पेराभोवतीचे सात-आठ इवलेसे दात, भिंग असेल तरच नीट दिसतात. चीडची सुई मात्र खरंच पान असते, वीतभर लांब, तीन-तीनच्या जुडग्यात.

सुरूला फुलं येतात हेच कोणाला पटत नाही, कारण पाकळ्याच नसतात. नरफुलं काड्यांच्या टोकाला, एकेका फुलात एकच पुंकेसर, मादीफुलांचे बारीक लालसर गोंडे वेगळे, आणि परागकण पोचवायचा सगळा कारभार वाऱ्यावर. त्या गोंड्याचंच पुढे सुपारीपेक्षाही लहान खरखरीत बोंड होतं ज्याला लोक कोन समजतात. चीडला फूल नाहीच, बी कोनच्या खवल्यावर उघडं पडलेलं असतं म्हणून त्याला प्रकटबीज म्हणायचं, कोन पिकायला दोनेक वर्षं लागतात.

चीडच्या खोडाला खाच दिली की राळ गळते, त्यातून टर्पेंटाइन काढतात. सुरूत तशी राळ नाही, लाकूड जड आणि टणक, सरपणाला उत्तम. त्याच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात, ते हवेतला नायट्रोजन पकडून देतात म्हणून नुसत्या वाळूतही सुरू तगतो. आणि नात्याने बघायचं तर तो चीडपेक्षा अक्रोडाच्या जवळचा, वनस्पतींच्या वर्गीकरणात दोघं एकाच गणातले, म्हणजे जवळच्या कुळांच्या एकाच गटातले.