मॉडेल रेल्वेचं डिजिटल नियंत्रण: यंत्र विकत घेण्याआधी काय पाहावं

ठाणे स्थानकावरून लोकल, मेल आणि मालगाड्या दिवसभर ये-जा करतात. त्यांच्या डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्टचा विद्युतदाब कायम असतो. गाडी हळू न्यायची म्हणून तारेतला दाब कोणी उतरवत नाही. तारेतून किती वीज घ्यायची हे प्रत्येक गाडीत बसलेला चालक ठरवतो. त्यामुळे एकाच तारेखाली एक लोकल फलाटावर उभी असते आणि दुसरी सुटत असते.

पारंपरिक मॉडेल रेल्वेत व्यवस्था उलटी असते. चक्री फिरवली की रुळांतलाच दाब ० ते १२ व्होल्टपर्यंत चढतो आणि इंजिन पळू लागतं. त्याच रुळांवर दुसरं इंजिन ठेवलं तर तेही पळतं. दोन गाड्या वेगवेगळ्या चालवायच्या तर रुळांचे विद्युतदृष्ट्या तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा स्विच लावायचा. मग खेळणाऱ्याचं निम्मं लक्ष गाडीऐवजी स्विचांच्या पाटीवर जातं.

डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे डीसीसी, मॉडेलला खऱ्या रेल्वेच्या पद्धतीवर आणतं. एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकारात, रुळांवर साधारण १४ ते १५ व्होल्ट सतत असतात. ही वीज क्षणाक्षणाला दिशा बदलते आणि त्या बदलांच्या अंतरात संदेश दडलेला असतो. लहरीचा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘१’, १०० किंवा त्याहून जास्त असेल तर ‘०’. म्हणजे ऊर्जा आणि आज्ञा त्याच दोन रुळांतून जातात. इंजिनातली छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी, डिकोडर, संदेशातला पत्ता वाचते, तो आपला असला तरच आज्ञा पाळते आणि त्याप्रमाणे मोटरला वीज सोडते. संदेशाच्या शेवटी ताळा पाहण्याचा एक आकडा असतो. तो जुळला नाही तर डिकोडर तो संदेश सोडून देतो. हे चालतं, कारण रुळांत वीज आणि संदेश सोडणारं मुख्य यंत्र तीच आज्ञा पुन्हा पुन्हा पाठवत राहतं आणि सेकंदाला शंभराहून अधिक संदेश रुळांत सहज मावतात. इंजिन उभं असतानाही दिवे लागलेले राहतात ते रुळांत वीज कायम असल्यामुळेच. मला डीसीसीतलं हेच सगळ्यांत सुंदर वाटतं.

ही पद्धत मूळची जर्मनीतल्या लेन्झ कंपनीची. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने ती आधाराला घेऊन खुलं मानक केलं. म्हणून एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या यंत्राचं ऐकतो. मात्र हे मानक रुळांवरच्या संदेशापुरतं आहे, आणि निवड करताना नेमकी हीच गोष्ट निसटते. हातातला कंट्रोलर मुख्य यंत्राला ज्या तारेने जोडतात, त्या तारेवर प्रत्येक कंपनीची स्वतःची रीत चालते. डिजिट्रॅक्सचं लोकोनेट, लेन्झचं एक्सप्रेसनेट, एनसीईची आणखी वेगळी. इंजिनं उद्या कुठूनही आणता येतील, पण दुसरा कंट्रोलर, सिग्नल किंवा रूळ व्यापल्याची खबर देणारे सेन्सर बहुधा त्याच घराण्यातून घ्यावे लागतील. (मार्कलिन कंपनीची मधल्या स्पर्शबिंदूंची तीन-रुळी पद्धत हा वेगळाच संसार. त्यांची इंजिनं घरात असतील तर त्यांचंच यंत्र घ्यावं.)

म्हणून डिकोडरच्या किमती पाहण्याआधी कंट्रोलर हातात धरून बघा. न बघता वेग बदलता येतो का? तातडीने थांबवायचं बटण अंगठ्याखाली येतं का? रोकोच्या झेड२१सारखी यंत्रं वाय-फायवरून मोबाइलवर चालतात आणि मुलांना ती लगेच जमतात. तरी सपाट काचेवर बोट नेमकं कुठे आहे हे पाहायला नजर गाडीवरून काढावी लागते. शंटिंगची, म्हणजे डबे पुढेमागे करून जोडण्या-सोडण्याची, आवड असेल त्याला मी फिरणारी चक्रीच सुचवेन.

ताकदीचा मोह मात्र आवरा. बारा डब्यांची लोकल सुमारे २५० मीटर लांब असते. १:८७च्या एचओ मापात ती जवळजवळ २.९ मीटर होते, १:१६०च्या एन मापात दीड मीटरच्या थोडी वर. ठाण्यातल्या किंवा ऐरोलीतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये अशा किती गाड्या एकदम धावणार? आजचं एचओ इंजिन साधारण अर्धा अँपिअर किंवा त्याहूनही कमी वीज घेतं. दोन-तीन गाड्यांना २ अँपिअरचा सुरुवातीचा संच पुरतो. एन मापासाठी रुळांचा दाब १२ व्होल्टच्या आसपास ठेवता येतो का, आणि अमेरिकेतून आणलेल्या संचाचा अडॅप्टर २३० व्होल्टवर चालतो का, हे खरेदीआधीच तपासा.

हाताला सोल्डरिंगची सवय असेल तर डीसीसी-ईएक्स हा यंत्र घरीच जुळवण्याचा माझ्या मते उत्तम मार्ग आहे. आर्डुइनो मेगा हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, त्यावर मोटर चालवणारा दुसरा बोर्ड आणि फुकट मिळणारं खुलं सॉफ्टवेअर, एवढ्यात मुख्य यंत्र तयार होतं. आर्डुइनो मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो. बोर्ड जळला तर तेवढाच बदलायचा. परदेशी पार्सल आणि कस्टम्सच्या फेऱ्यात पडायचं कारण नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या प्रवासी गाडीचे १४ डबे साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढले होते. तो प्रसंग टेबलावर उभा करायचा असेल तर अनेक इंजिनं एकाच आज्ञेखाली जोडण्याची सोय पाहा. ती बहुतेक यंत्रांत असते, पण काहींत दोन बटणांवर होते आणि काहींत मेनूच्या तळाशी असते. नव्या डिकोडरचा पत्ता कारखान्यातून ३ असा येतो. तिन्ही इंजिनांना आधी वेगळे पत्ते द्या आणि एकेकटी चालवून त्यांचे वेग जुळवा. नाहीतर एक ओढेल आणि दुसरं अडवेल.

खाडीकाठच्या दमट हवेत रूळ लवकर काळवंडतात आणि मळक्या रुळावर डिकोडरची वीज क्षणभर तुटते. रूळ पुसत राहणं आलंच. छोट्या इंजिनात जागा असेल तर ऊर्जा साठवणारा कपॅसिटरही बसवून घ्या. मुख्य यंत्रापासून टेबलाखाली दोन जाड तारा फिरवा आणि थोड्या थोड्या अंतरावर रुळांना जोड द्या. मग इंजिनं उचलून ठेवा आणि एक नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवा. यंत्राने लगेच वीज तोडली पाहिजे. ही चाचणी सगळ्यांत लांबच्या टोकालाही करा. तिथे वीज तुटली नाही तर त्या भागाला आणखी जोड द्या. तोवर त्या टोकाला इंजिन नेऊ नका.