व्यवस्थापन प्रवेश परीक्षा : तर्कक्षमता विभागाची तयारी

एमबीए, एमएमएस आणि तत्सम पदव्युत्तर व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षांत दिलेल्या अटींवरून निश्चित निष्कर्ष काढण्याची क्षमता ज्या विभागात तपासली जाते, त्याला तर्कक्षमता किंवा रूढ भाषेत ‘लॉजिकल रीझनिंग’ (एलआर) विभाग म्हणतात. त्याला ठरावीक पाठ्यपुस्तक नाही आणि सूत्रेही मोजकीच लागतात. त्यामुळे गणित आणि इंग्रजी आटोपल्यावर पाहू, असे म्हणून अनेक विद्यार्थी तो शेवटच्या महिन्यावर ढकलतात आणि तिथेच फसतात. वाचलेली अट झटकन आणि अचूक कागदावर मांडण्याची सवय एका महिन्यात लागत नाही. या विभागातले गुण बहुधा तर्क तोकडा पडल्याने जात नाहीत. अट चुकीची वाचली जाते, अर्धीच उतरवली जाते किंवा अटीत नसलेली गोष्ट आकृतीत शिरते. मग पुढचा सगळा तर्क बिनचूक असूनही उत्तर चुकते.

परीक्षांतील स्वरूप

भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या (आयआयएम) कॅट परीक्षेत २०११ ते २०१४ या काळात तर्कक्षमता भाषिक क्षमतेच्या जोडीला होती. २०१५ पासून ती माहिती विश्लेषणाशी जोडली गेली आणि डीआयएलआर हा विभाग तयार झाला. सुरुवातीला त्यात ६० मिनिटांत ३२ प्रश्न असत. २०२० मध्ये वेळ ४० मिनिटांवर आला आणि प्रश्न २४ झाले. २०२१ ते २०२३ या वर्षांत ते २० होते, २०२४ मध्ये २२. हे प्रश्न सुटे नसतात. एका माहितीवर चार ते सहा प्रश्न, असे चार-पाच संच (‘सेट’) येतात. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराचा १ गुण वजा होतो. पर्याय न देता उत्तर टाइप करायचे असते त्या (टीआयटीए) प्रश्नांना वजा गुण नाहीत. एका विभागाची वेळ संपल्याशिवाय दुसऱ्यात जाता येत नाही.

महाराष्ट्राच्या राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची (सीईटी सेल) एमबीए-एमएमएस सीईटी याच्या अगदी उलट आहे. तिथे १५० मिनिटांत २०० प्रश्नांचा साचा रूढ आहे. त्यातले ७५ प्रश्न तर्कक्षमतेचे आणि २५ आकृतिबंधांचे (ॲबस्ट्रॅक्ट रीझनिंग), म्हणजे निम्मी परीक्षा याच विषयाची. सरासरी काढली तर एका प्रश्नाला ४५ सेकंद मिळतात आणि वजा गुण नसतात. सीमॅट, स्नॅप, एनमॅट या परीक्षांतही हा विभाग असतो. झॅटमध्ये बैठकव्यवस्थेपेक्षा युक्तिवादाच्या परीक्षणावर भर असतो आणि निर्णयक्षमतेचा वेगळा विभाग असतो.

कॅटला दोन-तीन अवघड संच शेवटापर्यंत नेण्याची चिकाटी लागते, सीईटीला पन्नास ओळखीचे प्रकार न थबकता सोडवण्याचा हात लागतो. दोन्ही परीक्षा देणाऱ्याने पाया कॅटच्या संचांवर घालावा आणि सीईटीच्या वेगाचा सराव शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत करावा. सोप्या प्रश्नांवर मिळवलेला वेग अवघड संचात कामी येत नाही, उलट घाई अंगवळणी पडते.

मांडणी

संगणकावरच्या परीक्षेत अटींखाली रेघ मारता येत नाही. म्हणून प्रत्येक अट चिन्हांत कागदावर उतरवणे ही पहिली पायरी. उतरवताना प्रत्येक अटीला क्रमांक द्यावा आणि वापरून झाली की त्यावर खूण करावी. संच अडकला की बिनखुणेची अट शोधायची. बऱ्याचदा अडथळा तिथेच असतो. निश्चित नोंद, शक्य नोंद आणि बाद नोंद यांना वेगवेगळी चिन्हे असावीत, उदाहरणार्थ चौकट, साधे अक्षर आणि फुली. तिन्ही एकाच पद्धतीने लिहिले की पाच मिनिटांनी आपलाच अंदाज आपल्याला दिलेली अट वाटू लागतो.

एक छोटे उदाहरण पाहू. अ, क, ग, च, ट, प हे सहा जण उत्तरेकडे तोंड करून एका रांगेत बसले आहेत. (१) अ हा क च्या डावीकडे असून दोघांच्या मध्ये नेमके दोघे आहेत. (२) च हा क च्या लगेच उजवीकडे आहे. (३) ग एका टोकाला आहे. (४) ट हा अ च्या शेजारी आहे.

इथे अ पासून सुरुवात करून सहाही जागा तपासणारा वेळ घालवतो. पहिल्या दोन अटी जोडल्या की ‘अ _ _ क च’ असा पाच जागांचा ठोकळा मिळतो. सहा जागांत तो दोनच ठिकाणी बसतो: १ ते ५ किंवा २ ते ६. पहिल्या शक्यतेत ग ला ६ वी जागा, ट ला २ री, प ला ३ री. रांग अशी: अ, ट, प, क, च, ग. दुसरीत ग ला १ ली जागा जाते, म्हणून ट ला अ च्या उजवीकडेच बसावे लागते. रांग अशी: ग, अ, ट, प, क, च.

रांगा दोन उरल्या याचा अर्थ काही चुकले असा नाही. क च्या लगेच डावीकडे कोण, या प्रश्नाचे उत्तर दोन्हींत प हेच आहे. ‘ग आणि च शेजारी नसतील तर उजव्या टोकाला कोण?’ असा प्रश्न आला की पहिली रांग बाद होते आणि उत्तर च मिळते. एकमेव उत्तर सापडेपर्यंत प्रश्नांकडे न पाहणे ही नवशिक्यांची फार महागात पडणारी सवय आहे. शक्यता दोन किंवा तीन उरल्या की प्रश्न वाचावेत. पुढची अट कधी कधी प्रश्नातच असते.

शक्यता फोडताना (‘केस करताना’) ज्या घटकाला सर्वांत कमी जागा उपलब्ध आहेत, त्यापासून सुरुवात करावी. चारपेक्षा जास्त शक्यता कराव्या लागत असतील तर सुरुवातीचा घटक चुकीचा निवडला आहे किंवा एखादी अट वापरायची राहिली आहे, असे समजून अटी पुन्हा वाचाव्यात. प्रत्येक शक्यतेसाठी आकृती नव्याने काढावी. एकाच आकृतीत खोडाखोड केल्याने बाद शक्यतेतली नोंद दुसरीत राहून जाते.

प्रकार आणि त्यांतील अडचणी

गोलाकार बैठकीत पहिल्या व्यक्तीची जागा आपणच ठरवावी, कारण सगळे वर्तुळ फिरवले तरी रचना तीच राहते. आठ जणांच्या रचना त्यामुळे ४०,३२० वरून ५,०४० वर येतात. केंद्राकडे तोंड असेल तर उजवी बाजू घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला येते, बाहेर तोंड असेल तर काट्यांच्या दिशेला. काही आत आणि काही बाहेर तोंड करून बसलेले असतात, त्या प्रश्नांत प्रत्येक नावाजवळ बाण काढणे सक्तीचे मानावे. तोंडाची दिशा कळण्याआधी ‘उजवीकडे’ ही अट वापरली की पूर्ण संच वाया जातो.

व्यक्ती, शहर, व्यवसाय, रंग अशा जुळणीच्या संचांत तक्ता काढावा. ज्या घटकाला निश्चित क्रम आहे (वार, मजला, क्रमांक) तो रकान्यांच्या डोक्यावर घ्यावा, बाकीचे खाली. नकारात्मक अटी (‘डॉक्टर पुण्याचा नाही’) सुटणार नाहीत अशा बेताने तक्त्यातच फुलीने नोंदवाव्यात. त्या बाजूला लिहिल्या की हमखास विसरल्या जातात.

स्पर्धांवरचे संच कॅटला प्रिय आहेत आणि त्यांत बेरजेचे भान सर्वांत जास्त कामी येते. आठ संघ प्रत्येकी एकदा एकमेकांशी खेळले तर सामने २८. जिंकल्यास ३ गुण आणि बरोबरीत प्रत्येकी १ अशी पद्धत असेल तर निकाली सामना एकूण ३ गुण वाटतो, बरोबरीचा २. म्हणून सर्व संघांच्या गुणांची बेरीज ८४ वजा बरोबरीचे सामने इतकी येते. तक्त्यातली बेरीज ७९ असेल तर पाच सामने बरोबरीत सुटले, हे एकही सामना न मांडता कळते. बाद फेरीच्या स्पर्धेत सामने खेळाडूंपेक्षा एकाने कमी असतात, कारण प्रत्येक सामना एकालाच बाहेर काढतो. असे न बदलणारे आकडे संच हाती घेताच काढून ठेवावेत.

खरे-खोटे बोलणाऱ्यांच्या संचांत नेहमी खरे बोलणारा, नेहमी खोटे बोलणारा आणि आलटून पालटून खरे-खोटे बोलणारा असे तिघे बहुधा असतात. कुणी ‘मी नेहमी खोटे बोलतो’ असे म्हटले तर तो तिसराच असतो. पहिल्या दोघांना ते वाक्य उच्चारताच येत नाही. असे विधान नसेल तर एकमेकांना थेट खोडणारी दोन विधाने शोधून तिथून शक्यता फोडाव्यात.

विधान-निष्कर्षाच्या (सिलॉजिझम) प्रश्नांत एकच आकृती काढून उत्तर देणे धोक्याचे. काढता येईल अशा प्रत्येक आकृतीत निष्कर्ष खरा ठरला, तरच तो निश्चित. ‘शक्यता आहे’ असे विचारले असेल तर मात्र एक अनुकूल आकृती पुरते. ‘काही’ या शब्दात ‘सर्व’ ही शक्यताही येते. ‘फक्त काही’ म्हटले की ती बाद होते. ‘काही अ हे ब आहेत’ आणि ‘एकही अ हा ब नाही’ हे दोन्ही सुटेपणाने निश्चित नसतील, तरी दोहोंपैकी एक खराच असतो. सीईटीत हा ‘किंवा’चा पर्याय घाईत सुटतो.

नातेसंबंधांच्या प्रश्नांत नावावरून स्त्री की पुरुष हे ठरवू नये. तसे सांगितलेले नसेल तर प्रश्नचिन्ह ठेवावे. सांकेतिक भाषेसाठी इंग्रजी अक्षरांचे क्रमांक पाठ हवेत. ई, जे, ओ, टी, वाय म्हणजे ५, १०, १५, २०, २५ एवढे लक्षात ठेवले तरी भागते. उलट क्रमातल्या जोडीची (ए-झेड, बी-वाय) बेरीज २७ असते. शब्द आणि संख्या पायरीपायरीने बदलणाऱ्या यंत्राच्या प्रश्नांत मूळ ओळ आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून नियम शोधावा, मधल्या पायऱ्या नंतर.

युक्तिवादाच्या प्रश्नांत गृहीतक ओळखायला नकार-कसोटी वापरतात. ‘सायकल मार्ग वाढवले तर कोंडी कमी होईल’ हा युक्तिवाद घ्या. ‘काही वाहनचालक सायकलीकडे वळतील’ हे विधान नाकारले, म्हणजे एकही जण वळणार नाही म्हटले, की युक्तिवाद कोसळतो. म्हणून ते गृहीतक. ‘सर्व वाहनचालक वळतील’ हे नाकारले तरी काही वळू शकतात आणि युक्तिवाद टिकतो. म्हणून ते गृहीतक नाही. ‘सर्व’, ‘फक्त’, ‘नेहमी’ असे टोकाचे शब्द असलेले पर्याय या कसोटीवर बहुधा गळतात. विषयाबद्दलचे स्वतःचे मत मात्र बाजूला ठेवावे लागते, आणि हुशार विद्यार्थी नेमके तिथेच चुकतात.

सराव

पहिल्या महिन्या-दीड महिन्यात घड्याळ लावू नये. रोज दोन संच, प्रत्येकाला लागेल तेवढा वेळ. संच सुटला नाही तर किमान ३० ते ४० मिनिटे त्याच्याशी झटल्याशिवाय उत्तर उघडू नये, आणि उघडले तरी पहिली पायरीच वाचून पुन्हा कोऱ्या कागदावर बसावे. स्पष्टीकरण पूर्ण वाचले की संच समजल्यासारखा वाटतो, पण स्वतःहून तो पहिला ठोकळा दिसेल याची खात्री त्यातून मिळत नाही. न सुटलेला संच आठवड्याने कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवणे हा या तयारीतला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत टाळला जाणारा भाग आहे.

त्यानंतर घड्याळ लावून सराव, आणि तोही एकेका संचाचा नाही. चार किंवा पाच संच एकत्र घेऊन ४० मिनिटे. एकेकटा संच सोडवणाऱ्याला निवड शिकायला मिळत नाही, आणि कॅटमध्ये निवडच निम्मे काम करते. कॅटच्या २०१७ पासूनच्या प्रश्नपत्रिका यासाठी उत्तम. त्या संपवून टाकण्याची घाई न करता काही शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवाव्यात. सुडोकूने आकड्यांची भीती जाते, पण अटी वाचण्याची सवय लागत नाही, म्हणून त्याला संचांच्या सरावाचा पर्याय समजू नये.

प्रत्येक सराव परीक्षेनंतर (‘मॉक’) चुकांची वही भरावी. ‘सिली मिस्टेक’ अशी नोंद निरुपयोगी असते. अट वाचायची राहिली, दिशा उलट घेतली, शक्यता अपुऱ्या केल्या, बेरीज चुकली, संचाची निवड चुकली, अशी कारणे लिहावीत. चार-पाच मॉकनंतर एकच कारण वारंवार दिसू लागते आणि पुढच्या पंधरवड्यात काय करायचे ते ठरते.

परीक्षेतील वेळ

कॅटमध्ये पहिली तीन ते चार मिनिटे सर्व संच चाळण्यासाठी द्यावीत. माहिती थोडी आहे की जास्त, यावर अवघडपणा ठरत नाही. लांबलचक पण नेमक्या अटींचा संच दोन ओळींच्या मोघम संचापेक्षा अनेकदा सोपा निघतो. ओळखीची रचना, निश्चित आकडे आणि अटी जोडून ठोकळा होण्याची शक्यता या तीन गोष्टी पाहाव्यात. निवडलेल्या संचात पाच-सहा मिनिटांत एकही निश्चित नोंद झाली नाही तर तो सोडावा. दहा-बारा मिनिटे घालवल्यावर तो सोडून देववत नाही, कारण घातलेला वेळ वाया जाऊ देणे जीवावर येते आणि माणूस त्याच संचात आणखी दहा मिनिटे घालवतो. संच पूर्ण सुटला नाही तरी त्यातले एक-दोन प्रश्न अर्धवट मांडणीवर सुटतात. ते घेऊन पुढे जावे.

अंदाजाने उत्तर देण्याचा हिशेब परीक्षेनुसार बदलतो. कॅटच्या चार पर्यायी प्रश्नात डोळे मिटून उत्तर दिल्यास सरासरी लाभ शून्य; एक पर्याय नक्की बाद करता आला तर तो प्रश्नामागे एक तृतीयांश गुण होतो. टीआयटीए प्रश्नात वजा गुण नसल्याने अर्धवट मांडणीतून आलेले उत्तर लिहून ठेवणेच योग्य. वजा गुण नसलेल्या सीईटीत एकही प्रश्न कोरा ठेवू नये. त्यासाठी शेवटची दोन-तीन मिनिटे आधीच बाजूला काढावी लागतात, कारण उरलेल्या वीस-पंचवीस प्रश्नांवर नुसते क्लिक करायलाही तेवढा वेळ जातो.