मेंढ्याची ग्रामसभा: मतं न मोजणाऱ्या गावाची पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंड आदिवासी गाव आहे. इथल्या ग्रामसभेत हात वर करून मतं मोजत नाहीत. कुणाचा विरोध उरला तर विषय पुढच्या सभेवर जातो. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही इथली घोषणा महाराष्ट्रभर पोचली. ती ज्या बैठकांमधून उभी राहिली, त्यांच्याबद्दल मात्र फार कमी बोललं जातं.

याची मुळं धरणविरोधात आहेत. १९८०च्या दशकात इंद्रावती आणि गोदावरीवरच्या भोपालपट्टणम व इचमपल्ली प्रकल्पांविरुद्ध 'जंगल बचाओ, मानव बचाओ' आंदोलन झालं. बाबा आमटे, लालश्याम शहा ही त्यातली मोठी नावं. धरणं थांबली. पण ज्या जंगलासाठी लढलो, त्याचा निर्णय कोण घेणार, हा प्रश्न गावात शिल्लक राहिला. मेंढ्याचे देवाजी तोफा याच आंदोलनातून पुढे आले. जयप्रकाशांच्या आंदोलनातून घडलेले, 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल त्याच सुमारास गावाशी जोडले गेले. त्यांनी गावाचं पुढारपण केलं नाही, गावासोबत अभ्यास केला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

एकमताने ठरवणं गोंड समाजाला नवं नव्हतं. विनोबांनीही ग्रामदानाच्या, म्हणजे जमिनीची मालकी गावाकडे सोपवण्याच्या, विचारात सर्वसहमतीवरच भर दिला होता. मेंढ्याने त्यात भर घातली ती अभ्यास गटाची. हा गट निर्णय घेत नाही. ज्याला विषय समजून घ्यायचा आहे तो येतो, बाहेरच्या जाणकारांना बोलावलं जातं, कायद्याची कलमं वाचली जातात, शंका काढल्या जातात. ठरवते फक्त ग्रामसभा. निर्णयाचं ओझं नसल्यामुळे गटात माणूस मोकळेपणाने बोलतो, चुकतो, मतही बदलतो. सभेत भांडण घेऊन न येता समजून घेतलेला विषय येतो. सर्वसहमती म्हणजे थकवून मिळवलेला होकार नाही, हे इथे पाहायला मिळतं. दारूसारखा घराघरात भांडण लावणारा विषयही गावाने याच वाटेने हाताळला.

कायद्याची चौकट मात्र वेगळी होती. १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यात कारभार निवडून आलेल्या सदस्यांच्या हाती, आणि मेंढ्यासारखी लहान गावं गट ग्रामपंचायतीत, म्हणजे अनेक गावांच्या मिळून एका पंचायतीत. मेंढा तेव्हा शेजारच्या लेखा गावाच्या ग्रामपंचायतीत मोडत होतं. १९९३मध्ये अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली. अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या १९९६च्या पेसा कायद्याने वस्ती किंवा पाडाही स्वतंत्र गाव मानता येईल असं म्हटलं. महाराष्ट्राचे पेसा नियम आले ते थेट २०१४मध्ये. मेंढ्याने तोवर या सगळ्याची वाट पाहिली नव्हती.

२००६च्या वनहक्क कायद्याने मात्र गावाच्या अभ्यासाला हत्यार मिळालं. पूर्वीच्या निस्तार हक्कांची, म्हणजे घरगुती गरजांसाठी जंगल वापरण्याच्या हक्कांची, माहिती गावाने आधीच जमवली होती, त्यामुळे दावा भक्कम झाला. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मान्य झाला. या हक्काच्या बाबतीत मेंढा देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी आहे. तरीही बांबू विकताना वाहतुकीचा परवाना वनखातंच देणार, असा पेच होता. कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारं उत्पन्न, म्हणून स्पष्ट लिहिलेला असूनही! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात जमू लागला, आणि त्याचा हिशेब गाव स्वतः मांडू लागलं.

त्यापुढचं पाऊल मला सर्वांत धाडसी वाटतं. २०१३मध्ये गावाने १९६४च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली खाजगी शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. कसणारा तोच राहणार, मालकी मात्र गावाची. घरटी पोटाचा प्रश्न होता, म्हणून बोलणी दीर्घकाळ चालली. ग्रामदानासाठी प्रत्येक जमीनधारकाचा होकार कायद्याला लागत नव्हता. मेंढ्याला लागत होता.